बंद पडणाऱ्या यंत्राची विचारपूस

मस्कतचे डोंगर उघडेबोडके आणि काळपट. दिवसभर ते ऊन पितात आणि सूर्य मावळल्यावर सावकाश परत देतात. जूनमध्ये इथं अंधार होतो, गारवा मात्र होत नाही. इथून पुढं समुद्रकाठी कुरियात आहे. २६ जून २०१८ रोजी तिथला पारा चोवीस तासांत ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नव्हता. अशा मुलखात घरातलं प्रत्येक यंत्र हवेशी झुंजत असतं.

त्यातलं एक, माझा संगणक, माझ्या टेबलावर आहे. मस्कतच्या रुवी भागातल्या दुकानांतून एकेक भाग निवडून आणला आणि स्वतः जोडला. त्यामुळे त्याची कुरकुर मला परक्याची वाटत नाही. उन्हाळ्यात ते अधूनमधून बंद पडू लागलं. काम चालू असताना पडदा एकाएकी काळा व्हायचा. ना सूचना, ना निळा पडदा. परत सुरू केलं की तासन्‌तास गुणी. पाळीच्या तापासारखंच हे. वैद्य येतो तेव्हा अंग थंड असतं, म्हणून त्याला नाडीपेक्षा प्रश्नांवर भर द्यावा लागतो. केव्हा होतं? कशानंतर होतं? काय केल्यावर होत नाही? मी वही उघडली आणि वेळा टिपू लागलो. दुपारच्या नोंदी जास्त निघाल्या.

पहिला संशय अर्थात उष्णतेवर. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली, की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. पण आजचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, मग बंद होतात. इथं वेग कमी झाला नव्हता आणि मोजलेलं तापमानही मर्यादेत होतं. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडलं. त्याचा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद न होता गेलं. का गेलं, हे ती नोंद सांगत नाही.

मग रॅम. रात्रभर ती तपासणारी मेमटेस्ट चालवली, नंतर एकेक पट्टी काढून पाहिली. चूक एकही नाही. एक दार बंद झालं, हीसुद्धा कमाईच.

उरला एसएमपीएस. भिंतीतून येणारे २४० व्होल्ट घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट वाटणारा तो मुका डबा. त्याच्या जाळीवर पिठासारखी बारीक धूळ बसली होती आणि समुद्राच्या दमट हवेनं तिचा लेप झाला होता. आतल्या कपॅसिटरांचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. थकलेले कपॅसिटर भार अचानक वाढला की तो पेलत नाहीत. व्होल्टेज क्षणभर खचतं आणि सगळं विझतं. बाकी काहीही न हलवता फक्त तो डबा बदलला. वहीतल्या नोंदी तिथंच थांबल्या.

लक्षण एकीकडे आणि कारण दुसरीकडे, हे जगभर घडतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर असेच कोसळत होते. गेम खेळणाऱ्यांना पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी संपल्याची सूचना दिसे, म्हणून कित्येकांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. २०२४ च्या जुलैत कंपनीनं सांगितलं, की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा नवा संच, आला.

बिघाड लहरी वाटतो, कारण त्याची अट आपल्याला अजून ठाऊक नसते. ती सापडली की लहर उरत नाही, उरतं फक्त कारण. ते शोधणाऱ्याजवळ फार मोठी विद्या लागत नाही, सबुरी लागते. संतापून एकदम चार भाग बदलले तर यंत्र कदाचित चालेल, पण दुखणं कोणाचं होतं ते कधीच कळणार नाही, आणि तीन चांगले भाग उगाच कचऱ्यात जातील.

म्हणून आखातात राहणाऱ्या आणि स्वतःचा संगणक स्वतः जोडणाऱ्या सर्वांना माझं कळकळीचं सांगणं आहे. उन्हाळा चढण्याआधी जाळ्यांवरची धूळ काढा. एसएमपीएस घेताना काटकसर करू नका. आणि यंत्र बंद पडलं, तर एका वेळी एकच गोष्ट बदला व ती लिहून ठेवा.