तूप, सूप आणि बनवाबनवी

शनिवारी सकाळी दुसऱ्या चहाबरोबर आठवड्यात काय काय आवडलं त्याची यादी करायची, ही माझी जुनी सवय. पाच दिवस ऑफिसात बग मोजायचे, तर एक दिवस बऱ्या गोष्टी मोजू, एवढाच हेतू. यादीत थोर असं काही नसतं. एखादं गाणं, एखादा सिनेमा, काहीतरी खाणं वगैरे.

या आठवड्याचं गाणं मिलिंद इंगळेंचं 'गारवा'. ते वाजल्याशिवाय आमच्याकडे पाऊस अधिकृतपणे सुरू होत नाही. यावर चर्चा नको.

पदार्थ : टोमॅटो सूप. तेही पाकिटातलं! झालं असं, की सोमवारी आईनं बाबांना तूप आणायला सांगितलं आणि बाबा सुपाची चार पाकिटं घेऊन आले. आम्ही पोट धरधरून हसलो. बाबाही हसले. मग तीन दिवस कोथरूडच्या घरी रात्री सूप. वरून मिरपूड आणि तुपात (म्हणजे नंतर मी आणलेल्या) परतलेले पावाचे तुकडे टाकले, की चालून जातं.

सिनेमा अर्थात 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ चा सिनेमा, आणि कितव्यांदा पाहिला ते विचारू नका. काल रात्री आई-बाबांबरोबर पाहिला. ते मधुमेहाचं औषध, ते सत्तर रुपये... बाबा नेहमीसारखे अशोक सराफनं तोंड उघडायच्या आधीच हसत होते. मूड जमला होता, म्हणून लगेच 'मुरांबा' लावला. २०१७ चा, अमेय वाघ, मिथिला पालकर, आणि बापाच्या भूमिकेत सचिन खेडेकर. आई-बाबांनी पाहिलेला नव्हता.

पहिल्या विनोदाला मी आणि आई हसलो. बाबाही हसले, पण किंचित उशिरा. पुढच्या वेळीही तसंच. लॅग दिसला की तो कुठून येतोय ते शोधायचं, हा आमचा धंदाच. तिसऱ्या वेळी मी टीव्ही सोडून बाबांकडे बघत राहिलो. ते पडद्याकडे बघतच नव्हते. आईकडे बघत होते. ती हसली की हसत होते.

म्हणजे 'बनवाबनवी' ते ऐकत नव्हतेच, कॅशमधून (पैशाची नव्हे, मेमरीतली) काढून हसत होते.

रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसलो. वयानं कान जातात तेव्हा बहुतेक वेळा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. 'अ', 'ऊ' नीट ऐकू येतात. 'स', 'श', 'त', 'फ' पुसट होतात. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवूनही फारसा फरक पडत नाही, फक्त शेजारी चिडतात. तूप आणि सूप यांत उरतो काय, तर 'ऊ' आणि मागचा 'प'. आणि आम्ही हसलो होतो. च्यायला.

जाता जाता स्वतःच्या फोनमध्येही डोकावलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा. माझे इअरफोन जवळजवळ दिवसभर कानात, आणि आवाज त्याहून वर. असो, तो विषय पुन्हा.

तर यादीतली सगळ्यात वरची गोष्ट : सबटायटल्स. "खालचं वाचता येतंय का बघा, मला बारीक दिसतंय," असं म्हणून मी ती काल सुरू केली. इंग्रजीत होती, पण बाबांनी बँकेत जन्मभर इंग्रजी पत्रं लिहिली आहेत. मग सिनेमा पुन्हा पहिल्यापासून. वाक्य पडद्यावर आधी येतं आणि अमेय वाघ ते नंतर बोलतो, त्यामुळे आता बाबा आमच्या आधी हसायला लागले. मध्येच एका ठिकाणी "भाषांतर चुकलंय" म्हणाले. कसं चुकलंय ते सांगण्यात दहा मिनिटं सिनेमा थांबला.

मागे एकदा आईनं कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं होतं, तेव्हा "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता" असं उत्तर मिळालं होतं. मंगळवारी अकराची वेळ घेतली आहे आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. आईला सांगितलंय. बाबांना अजून नाही.