प्रश्न काढणाऱ्याची परीक्षा

परीक्षा देणे हा आम्हां विद्यार्थ्यांचा जन्मसिद्ध भोग! पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्यावर चक्क प्रश्नपत्रिका काढण्याची पाळी आली. आणि तीही माणसासाठी नव्हे, यंत्रासाठी.

त्याचे असे झाले. वसतिगृहातील माझा खोलीसोबती विज्ञान शाखेचा. त्याने बुद्धिबळ खेळणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो तपासायला त्याला वीस डावपेची स्थिती हव्या होत्या. "तू खेळतोस ना? मग तूच निवड," तो म्हणाला. मी बुद्धिबळ शिकलो ते मार्केट यार्डात, पोत्यांच्या थप्पीवर, आबांच्या सोबतच्या हमालांकडून. माझी छाती फुगली.

फ्रेड राइनफेल्ड यांच्या १९५८ च्या 'विन ॲट चेस' या पुस्तकातील ३०० स्थितींवर अनेक प्रोग्राम तपासले गेले आहेत, हे त्याच्याकडून कळले. पहिल्याच स्थितीत पांढरा वजीर काळ्या प्याद्याच्या तोंडी जाऊन बसतो. प्याद्याने मारला तर घोड्याने मात. दुर्लक्ष केले तर वजिरानेच मात! मी खूश. तसल्याच वीस निवडल्या.

मित्राने यादी पाहिली आणि हसला. "सगळीकडे वजिराचा बळी! ही माझ्या प्रोग्रामची परीक्षा की तुझ्या आवडीची?"

मग चाळण लागली. दोन खेळ्यांनी डाव जिंकता येत असेल तर ती स्थिती बाद. उत्तर म्हणजे साधा शह असेल तर तीही बाद. आधी शहच तपासणारे यंत्र न समजताही बरोबर ठरेल. बळी देण्याचा मोह व्हावा पण दिल्यास डाव हरावा, अशा चार घातल्या. ब्रात्को आणि कोपेक यांच्या १९८२ च्या चाचणीत २४ पैकी निम्म्याच स्थिती डावपेची होत्या. उरलेल्या प्यादे योग्य वेळी पुढे सारण्याच्या. नुसती मारामारी जमली म्हणजे खेळ आला, असे नव्हे.

सुट्टीत घरी वही घेऊन बसलो होतो. आबांनी विचारले, "उत्तर ठावं हाय, मग इचारतोस कशाला?"

मला उत्तर सुचेना. आठवली ती अकरावीतली एक मुलाखत. "घरच्यांबरोबर केलेल्या सहलीवर बोला," असे सांगितले होते. आमच्या घरात सहल कुणी केलीच नव्हती. मी गप्प राहिलो आणि नापास झालो. त्या प्रश्नाने माझे बोलणे मोजलेच नाही. माझे घर मोजले.

सुट्टीनंतर परीक्षा झाली. प्रोग्रामला वीसपैकी अकरा. चुकलेली नऊ उत्तरे मी मित्राच्या मोबाइलवर स्टॉकफिशकडून तपासून घेतली. एका ठिकाणी प्रोग्रामची खेळीही तितकीच जिंकणारी निघाली! मी उत्तरे हातानेच पडताळली होती. दुसरी वाट मला दिसलीच नव्हती. चूक परीक्षकाची होती.

मी अकरा खोडून बारा केले. यंत्राला त्याचे ना सुख ना दुःख. माझा हात मात्र क्षणभर थांबला. माझ्या मुलाखतीच्या कागदावर असे कुणी काही खोडले नव्हते.

आबा, आता सांगतो. समोरच्याला काय येते ते कळावे म्हणून विचारायचे; आणि आपले उत्तर चुकीचे निघाले, तर तेही मान्य करायचे.

— द्वितीय वर्ष, कला