चीक

दिवाळी सरली, सोयाबीन घरात आलं की पांदणीच्या कडेचे सराटे वाळतात. सराटा कसाही पडो, एक काटा आभाळाकडे असतोच. कारंज्याहून सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या बाजूला सायकल नेली की फेरीगणिक पंक्चर. एकदा ट्यूब घमेल्यात बुडवली, तर सात जागी बुडबुडे. शेवटी यंदा ओसरीवर बसून दोन्ही चाकांतल्या ट्यूब काढून ती ट्यूबलेस करायचीच ठरवलं.

रिम पुसून तारांच्या भोकांवर टेप ताणून बसवली, अंगठ्यानं दाबत दाबत. एक सुरकुती राहिली तरी हवा तिथूनच निघून जाते. खरं काम टायरची कड रिमच्या खाचेत चढवण्याचं. त्याला हवेचा एकदम लोंढा लागतो, घरच्या पंपात तेवढा दम नसतो. म्हणून कडा आधीच बसाव्यात यासाठी आत ट्यूब घालून फुगवली, टायर रात्रभर तसाच ठेवला. सकाळी एकच कड सोडवून ट्यूब अलगद ओढून घेतली, व्हॉल्व्ह बसवला. सोडवलेल्या कडेला साबणाचं पाणी चोळलं आणि पंप मारत सुटलो. फेस उसळला, मग ठाक! पुन्हा ठाक! कड बसली. त्या आवाजानं छाती भरून येते.

मग व्हॉल्व्हचा गाभा काढून पिचकारीनं 100 मिली सीलंट आत सोडलं. पांढरंशुभ्र, दाट, रबराच्या झाडाच्या चिकाचं. झाडाच्या सालीला खाप पडली की चीक पाझरतो, थिजतो, जखम बुजवतो. तेच काम तो आता माझ्या टायरात करणार होता. 1999 साली मॅव्हिक, मिशेलिन, हचिन्सन या फ्रेंच कंपन्यांनी माउंटन बाइकसाठी ट्यूबलेस चाकाचा सामाईक साचा आणला. चिकाचा गुण मात्र आमच्या आजीला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. अनवाणी पायात काटा मोडला की ती बांधावरच्या रुईचं पान खुडायची. "टोकरू नोको बापा. चीक लाव, सकाऊन काटा आपोआप वर येते."

चाक हळूहळू फिरवलं, एकेका कुशीवर निजवलं, म्हणजे चीक सगळीकडे पोचावा. आमच्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावा लागेल.

रविवारी त्याच पांदणीनं जाऊन आलो. मागच्या टायरात अकरा सराटे रुतलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पांढरा ठिपका, थिजलेला. एक उपटायला नख लावलं होतं, ते मागे घेतलं. टायर दाबून पाहिला. सकाळी भरला होता तसाच, टणक.