डाव्या हाताचे घर

माणूस गेल्यानंतर त्याच्या वस्तू काही दिवस त्याच्याच सवयीने वागत राहतात. चष्म्याची एक काडी जराशी झुकलेली असते. चपलेचा अंगठा एका बाजूने झिजलेला असतो. पोळपाटाच्या लंगड्या पायाखाली घातलेली फडक्याची घडी तशीच असते. घरातली माणसे या वस्तू हळूहळू उचलतात, काही कुणाला देतात, काही फडताळात ठेवतात. संगणकाच्या बाबतीत मात्र असे करता येत नाही. तो उघडावा लागतो. आणि उघडला की गेलेल्या माणसाच्या हाताच्या मापाने बेतलेली एक जागाच समोर उभी राहते.

बडोद्याच्या एका निवृत्त मराठी शिक्षकांना हा अनुभव २०२२ सालच्या पावसाळ्यात आला. मास्तरांनी तोवर संगणकाला हात लावलेला नव्हता. तो बाईंचा प्रांत होता. बाई पोस्टात नोकरीला होत्या. निवृत्तीनंतर विजेचे बिल, गॅसची नोंदणी, निवृत्तिवेतनाचे कागद, बंगळूरला असलेल्या मुलाला पत्रे, ही सारी कामे त्या या यंत्रावर करीत. मास्तर फक्त छापून काढलेली पत्रे वाचीत, तीही हातात लाल शाईचे पेन घेऊन. तीस वर्षे वह्या तपासलेल्या माणसाला कोरा कागद जसा पाहवत नाही, तसा छापील कागदही पाहवत नाही.

यंत्र जुने, २००९ साली घेतलेले. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा सांभाळ कंपनीने थांबवला, तेव्हा नवी प्रणाली पेलण्याइतका या यंत्राचा जीव नव्हता. मुलाने सुट्टीत येऊन त्यावर लिनक्स घातले आणि वर एक्सएफसीई नावाचे डेस्कटॉप बसवले. लिनक्सच्या जगात पाया आणि अंगण या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पायाचे काम हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केले. वरचे अंगण मात्र ज्याने त्याने आपल्या मनाजोगते निवडावे. ऑलिव्हिये फूर्दाँ यांनी १९९६ मध्ये एक्सएफसीईला हात घातला, त्याच वर्षी जर्मनीत केडीईचा आरंभ झाला, आणि १९९७ मध्ये मेक्सिकोच्या दोन तरुणांनी ग्नोमची उभारणी सुरू केली. ही अंगणे लोकांच्या किती जिवाची होती ते २०११ मध्ये दिसले. ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी मांडणी पार बदलली. तेव्हा जुन्या मांडणीवर जीव असलेल्यांनी जुना ग्नोम उचलला आणि माते या नावाने तो वेगळा चालवला. आपली पट्टी आणि आपली यादी नेहमीच्या जागी नाही, एवढ्या कारणासाठी माणसे स्थलांतर करतात, हे बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल. ज्याच्या स्वयंपाकघरातले डबे कुणी परस्पर हलवले आहेत त्याला ते वाटणार नाही.

मास्तरांनी यंत्र सुरू केले तेव्हा पहिल्यांदा माऊसने त्यांना दगा दिला. डावे बटण दाबावे तर भलतीच यादी उलगडे. उजवे दाबावे तर फाइल उघडे, तीही एकाच दाबाला. कामांची पट्टी पडद्याच्या तळाशी नसून डाव्या काठाने उभी होती आणि तिच्यावरची चित्रे बोराएवढी नव्हे, लिंबाएवढी होती. याचे कारण मास्तरांना ठाऊक होते. २०१६ च्या उन्हाळ्यात बाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. माऊस डावीकडे आला तो तेव्हापासून. तो तिथेच होता. मास्तरांना तो उजव्या हाताशी ओढून घेण्याचे सुचले नाही, किंवा सुचूनही त्यांनी ओढला नाही.

पट्टीवर चार चौकोन होते. एक्सएफसीईत एका पडद्याचे अनेक पडदे करता येतात आणि प्रत्येकाला नाव देता येते. बहुतेक लोक एक, दोन, तीन, चार एवढ्यावर भागवतात. बाईंनी नावे दिली होती : ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. ओटीवर टपाल आणि वर्तमानपत्र. माजघरात लेखन. स्वयंपाकघरात हिशेब, बिले, पाककृती. देवघरात जुनी छायाचित्रे. दांडिया बाजारातला वाडा पाडून तिथे सदनिका झाल्या त्याला बरीच वर्षे लोटली होती. नव्या घरात ओटी नव्हती, माजघर नव्हते, देव भिंतीवरच्या कपाटात होते. मास्तरांनी वाड्याची आठवण कितीदा तरी मोठ्याने काढली होती. बाई कधी काही बोलल्या नव्हत्या.

लिहू लागल्यावर कळफलकानेही बंड केले. मराठीसाठी तिथे इन्स्क्रिप्ट ही मांडणी होती. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेली. तिच्यात स्वरांच्या खुणा डाव्या हाताखाली आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली येतात. कळ नुसती दाबली तर क, शिफ्टसह दाबली तर ख. तसेच त आणि थ, द आणि ध. बाईंनी पडद्याशेजारी चिकटवलेल्या तक्त्यावरून मास्तर एकेक अक्षर शोधीत. ते शिफ्ट दाबीत, विचारात पडून सोडून देत, आणि पुढचे अक्षर आपोआप बदलून उमटे. दोनदा दाबली गेली तर सारी ओळच बिघडे. काका लिहावे तर खआखआ उमटे. त्यांनी बाजारातून माणूस बोलावला. त्याने कळफलक खराब झाल्याचे सांगून नवा दिला. नवाही तसाच वागला. शेवटी त्यांनी मुलाला फोन केला.

“बाबा, कळफलक बिघडलेला नाही,” मुलगा म्हणाला. “आईसाठी तो तसा ठेवलाय. स्टिकी कीज म्हणतात. एका हाताने दोन कळा एकदम दाबता येत नाहीत ना, म्हणून आधी शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचे. मीच लावून दिले होते, त्या वर्षीच्या दिवाळीत. बंद कसे करायचे ते सांगू का?”

“राहू दे,” मास्तर म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी यंत्रावरची प्रणाली जुनी झाली म्हणून बदलायची ठरली. मुलाने फोनवरूनच सांगितले, की आईच्या नावाचे होम आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. आणि कंट्रोलसह एच दाबा, म्हणजे लपलेल्या फाइलीही दिसतील. या प्रणालीत प्रत्येक माणसाच्या कप्प्याला होम म्हणजे घर असेच म्हणतात. यंत्र एक, पण घरे जितकी माणसे तितकी. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्सपासून ही रीत चालत आली आहे. प्रत्येक घरात काही फाइली नावाआधी टिंब असलेल्या असतात आणि त्या एरवी दिसत नाहीत. रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिले, की ही युक्ती नव्हे, चूक होती. यादीत सदैव उमटणाऱ्या एका टिंबाच्या व दोन टिंबांच्या नोंदी वगळण्यासाठी कुणी तरी नावाचे केवळ पहिलेच चिन्ह तपासले आणि टिंबाने सुरू होणारी सगळीच नावे अदृश्य झाली. पुढे माणसांच्या आवडीनिवडी तिथेच साठू लागल्या. पट्टी कुठे, अक्षर केवढे, माऊस कोणत्या हाताचा, हे सारे त्या अंधारात असते.

मास्तरांनी कंट्रोल आणि एच दाबले. पडद्यावर एकाएकी कितीतरी नावे उगवली. शिक्षकाच्या कुतूहलाने ते एकातून दुसऱ्या कप्प्यात शिरत गेले आणि लिब्रेऑफिसच्या कप्प्यात त्यांना एक छोटी फाइल सापडली. शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीला जो शब्द ठाऊक नसतो त्याखाली ती लाल नागमोडी रेघ ओढते. शब्द बरोबर आहे असे लिहिणाऱ्याने सांगितले, की तो या फाइलीत जातो. वर चार ओळी यंत्रासाठी. खाली, एका ओळीत एक, बाईंचे शब्द.

आरंभी मास्तरांना मौज वाटली. उंधियू, खिचू, लीलवा, ओटला, सूरसागर, खंडेराव : पुण्यामुंबईच्या शब्दकोशाला न कळणारी बडोद्याची मराठी तिथे नांदत होती. त्यांच्या नातीचे लाडके नाव होते. एका औषधाचेही होते. मग मध्येच दुसरे शब्द दिसू लागले. पानी. जेवन. कारन. मानूस. सकाल. दुसर्या. पायर्या.

या शब्दांना मास्तर ओळखत होते. २०१६ च्या त्या उन्हाळ्यानंतर बाईंनी मुलाला लिहिलेल्या पत्रांत ते होते. ण च्या जागी न, ळ च्या जागी ल, हा दोष मास्तरांनी तीस वर्षे मुलांच्या वह्यांतून खणून काढला होता. तो स्वतःच्या घरात पाहून त्यांना दुःख झाले होते आणि त्यांनी त्या छापील पत्रांवर लाल खुणा केल्या होत्या. पायऱ्या हा शब्द समासात दोनदा लिहून दाखवला होता. बाई एवढेच म्हणाल्या होत्या, “अहो, बघते मी.” दिवाळीनंतरची पत्रे निर्दोष येऊ लागली. आपल्या लाल शाईचा गुण आला असे मास्तरांनी मानले होते आणि कुणाकुणाला सांगितलेही होते.

मास्तरांनी पडद्याशेजारचा तक्ता पुन्हा पाहिला. ण साठी शिफ्ट हवी. ळ साठी हवी. पायऱ्यामधल्या ऱ साठी हवी. न, ल, र या अक्षरांना नको. एका हाताला जेवढी अक्षरे लागत होती तेवढ्यांत त्या बाईंनी सहा महिने मराठी लिहिली होती, आणि लाल रेघ डोळ्यांसमोर नको म्हणून यंत्राला सांगितले होते, की हे शब्द बरोबर आहेत. यंत्राने ते मानले होते.

ती फाइल दुरुस्त करणे अवघड नव्हते. ओळी खोडायच्या आणि जतन करायचे. मास्तरांच्या हाताला ती सवयच होती. त्यांनी फाइल बंद केली, घर होते तसे पेन ड्राइव्हवर उतरवले आणि ते उतरले की नाही हे दोनदा पाहिले.

नव्या प्रणालीत मुलाने मास्तरांसाठी त्यांच्या नावाचे वेगळे घर करून दिले. तिथे माऊस उजव्या हाताचा आहे, पट्टी तळाशी आहे आणि चारही पडद्यांना एक, दोन, तीन, चार हीच नावे आहेत. बाईंचे घर शेजारीच आहे. आत जाण्याच्या पडद्यावर दोन नावे दिसतात. वीजबिलाच्या जुन्या पावत्या लागल्या म्हणजे मास्तर तिकडे जातात आणि काम झाले की परत येतात. तिकडे गेले की माऊस चुकतो. तो अजून अंगवळणी पडलेला नाही.

अलीकडे बोटांचे सांधे धरू लागल्यामुळे त्यांनी आपल्या घरातही स्टिकी कीज लावून घेतले आहे. मुलाने कारण विचारले तेव्हा सोयीचे पडते एवढेच त्यांनी सांगितले. पण लिहिताना ते आधी शिफ्ट दाबतात, सोडतात, क्षणभर थांबतात, आणि मग ण दाबतात.