ग्लासातलं फळ: बोरिवलीहून मुलुंडपर्यंत

मैत्रिणींनो, उपनगरात राहणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना 'ताजा रस' हे दोन शब्द दिवसातून किती वेळा भेटतात, याची कधी मोजदाद केली आहे का? स्टेशनबाहेर ज्यूस सेंटर, बागेबाहेर दुधी-कारल्याचा रस, इस्पितळाच्या फाटकाशी मोसंबी नि शहाळी, शाळेच्या वाटेवर रसवंती. आणि सगळीकडे एकच बोलणं – फळाचंच तर आहे, त्यानं काय होणार? चला तर, आज बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जरा हिंडून येऊ आणि त्या ग्लासात नेमकं काय असतं ते पाहू.

सुरुवात सकाळी, बोरिवली पूर्वेला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरायला जाणारी मंडळी भल्या पहाटे आत शिरतात. परतताना त्यातली बरीचशी रसाच्या टेबलापाशी थबकतात. बाटल्यांत हिरवे रस मांडलेले – गव्हांकुर, आवळा, कारलं, दुधी. कडू घोट डोळे मिटून घ्यायचा आणि पुण्य पदरात पाडल्यासारखं घरी जायचं!

इथे मात्र तुम्हांला हात धरून थांबवावंसं वाटतं. दुधी एखाद्या वेळी कडू निघतो, हे आपल्याला आजी-आईपासून ठाऊक आहे. भाजी चिरताना टोकाचा तुकडा चाखून बघायची रीत त्यासाठीच तर होती. त्या कडूपणामागे कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस घेतल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचं सांगणं साधं होतं: रस काढण्याआधी दुधी चाखा, कडू लागला तर फेकून द्या आणि दुसऱ्या रसात तो मिसळू नका. कारल्यात मिसळलेल्या दुधीचा कडूपणा कळणार तरी कसा, सांगा! रस घेतल्यावर पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या तर घरगुती काढे करत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा. बाहेरच्या बाटलीतला दुधी कुणी चाखला होता की नाही, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे – दुधीची भाजी खावी, हलवा करावा, बाहेरचा रस नको.

उन्हाळा असेल तर त्याच परिसरात पाटीत करवंदं, जांभळं, ताडगोळे घेऊन बसलेल्या बायका दिसतील. तिथे खुशाल थांबा. घरी नेऊन धुऊन खा. 

आता लोकलने अंधेरीला या. स्टेशनबाहेरच्या गर्दीत ज्यूसवाल्याने मोसंब्यांची उतरंड रचलेली असते. संत्र-मोसंबीच्या मिश्रणाला तो 'गंगा-जमुना' म्हणतो, हे नाव मला फार आवडतं. एक ग्लास भरायला तीन-चार मोसंबी सहज लागतात. आता तुम्हीच सांगा, एका बैठकीला चार मोसंबी सोलून, फोडी चावून कोण खातं? दोन झाल्या की पुरे वाटतं. रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो. चोथा, म्हणजे ज्याने पोट भरतं आणि साखर रक्तात हळूहळू उतरते, तो ज्यूसवाल्याच्या बादलीत पडतो. संत्र्याच्या रसात दर १०० मिलिलिटरला आठ-नऊ ग्रॅम साखर असते, म्हणजे मोठ्या ग्लासात वीसेक ग्रॅम, पाच चहाचे चमचे. वरून तो 'शुगर डालूं?' विचारतो ती निराळीच.

ही साखर फळातली, मग ती वेगळी नाही का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीला बसवली आहे. सबंध फळातली साखर तीत धरलेली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारसूचनांत रसापेक्षा फळ खा, असंच सांगितलं आहे. खोक्यातल्या रसाचं तर विचारूच नका. पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' छापू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ च्या जूनमध्ये कंपन्यांना बजावलं.

आणि बाळं? वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊच नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सांगितलं. सासूबाई मोसंबीचा रस भरवायचा आग्रह करतील, पण त्यांना दुखवायला नको. बाळ सहा महिन्यांचं झालं असेल तर केळं कुस्करून त्यांच्याच हातात वाटी द्या, त्याही खूश.

अंधेरीहून घाटकोपरला जायला पूर्वी ३४० नंबरच्या बसमध्ये जीव मेटाकुटीला यायचा. ८ जून २०१४ पासून मेट्रो धावू लागली आणि वीसेक मिनिटांत आपण घाटकोपरला. इथली खाऊगल्ली मी काय वर्णू! डोसा झाला की तोंड भाजलेलं, मग बर्फ घातलेला रस हवाच. आता प्रश्न फळाचा उरत नाही, पाण्याचा आणि बर्फाचा होतो. शेजारच्या कुर्ला स्टेशनवर मार्च २०१९ मध्ये स्टॉलच्या छतावर घाणेरड्या पाण्यात लिंबू सरबत कालवणाऱ्या माणसाचं चित्रण लोकांनी पाहिलं. मध्य रेल्वेने तो स्टॉल बंद केला आणि आपल्या स्टेशनांवर असं उघडं सरबत विकायलाही मनाई केली. त्याआधी, २०१८ साली, न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात झाला होता. तेव्हा लादीचा बर्फ निळसर दिसला तर निमूटपणे पुढे चला. 'बिना बर्फ' म्हणायला लाजू नका.

रसवंतीबद्दल मात्र माझं मन जरा हळवं आहे. चरकाला बांधलेले घुंगरू, आलं-लिंबाचा वास, आणि पाटीवर नाव कानिफनाथ नाही तर नवनाथ – कारण या धंद्यातली पुष्कळ कुटुंबं पुरंदर तालुक्यातल्या, बोपगावच्या कानिफनाथांच्या परिसरातली. पण उसाच्या रसात दर १०० मिलिलिटरला तेरा ते पंधरा ग्रॅम साखर! मोठ्यांनी वरची साखर दिवसाला तीस ग्रॅमच्या वर नेऊ नये, असं त्याच २०२४ च्या सूचना म्हणतात. एका मोठ्या ग्लासात तो हिशेब ओलांडतो. हाफ घ्या, दोघींत घ्या, मधुमेह असेल तर नुसते घुंगरू ऐका.

शेवटी मुलुंड. इस्पितळात कुणाला बघायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं, म्हणून आपण दोन शहाळी घेतो. पण ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांना शहाळ्यातलं पोटॅशियम हृदयाला धोक्याचं ठरू शकतं. मोसंबीच्या रसातही ते असतंच. म्हणून आधी सुनेला किंवा नर्सला विचारा. उलट, मधुमेहाच्या गोळ्या-इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची साखर एकदम उतरली, हातपाय थरथरू लागले, तर अर्धा कप गोड रस हेच औषध – अर्थात तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच. रसाची झटपट साखर इथे खरी उपयोगी पडते.

घरच्या बायकांसाठी लिंबू तेवढं विसरू नका. पालेभाजीवर, उसळीवर पिळलं की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. परतीच्या वाटेवर मुलुंडच्या बाजारातून पेरू घेणार असाल तर जरा कडकच निवडा, पिकलेले लोकलच्या गर्दीत दबून जातात.