विजेचा खर्ज

इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा हातात येते तेव्हा ती जवळजवळ मुकी असते. पोकळ पोट नाही, सूर घुमायला जागा नाही. भरीव लाकूड, त्यावर सहा पोलादी तारा, आणि छेडल्या तर बंद दाराआड कुणी हळू बोलावं तेवढाच आवाज. माझी पारख इथूनच सुरू होते. अ‍ॅम्पची वायर बाजूला ठेवायची, गिटारची पाठ बरगड्यांशी टेकवायची, सगळ्यांत जाड तार छेडायची आणि तिचा थरथराट आपल्या हाडांत किती वेळ रेंगाळतो ते डोळे मिटून अनुभवायचं. मान धडात नीट बसली असेल, ब्रिज आणि नट घट्ट असतील, तर तो थरथराट लांबत जातो, विरळ होत जातो, आणि थांबला कधी ते सांगता येत नाही. जोडात फट असेल तर मध्येच विझतो.

शरीराला हे कानाआधी कळतं.

मग हात मानेवर जातो. पारखायला आलेल्या या गिटारचा फिंगरबोर्ड शिसवीचा आहे, जांभळट काळा, बोटांच्या तेलानं मऊ झालेला. कोकणातल्या आमच्या घरातला देव्हारा शिसवीचा होता, त्यामुळे या लाकडाचा गारवा माझ्या तळहाताला लहानपणापासून ओळखीचा. सह्याद्रीतली ही शिसव जगभरच्या गिटारींच्या मानेवर पोचली. पुढं २०१७ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि तयार वाद्यांना त्यातून मोकळीक मिळायला २०१९ उजाडलं.

आता राहते त्या चेन्नईजवळच्या तांबरमची हवा लाकडाला स्वस्थ बसू देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचा पाऊस लागतो, भिंतींना ओल येते, मेडवाक्कमच्या रस्त्यावर पाणी साचतं, आणि खोलीच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या गिटारची मान त्या ओलाव्यानं कणभर हलते. सहा तारांची सुमारे ४० किलोंची ओढ पेलत राहायची आणि वर ऋतूही सोसायचे. तिच्या आत दडलेली सळई, ट्रस रॉड, पाव फेरा फिरवली की मान पुन्हा सरळ होते; पाव फेराच, त्याहून घाई नको. बाराव्या फ्रेटपाशी तार दोनेक मिलिमीटर उंच असली की बोटांना कष्ट नाहीत. तिथला दाबलेला स्वर आणि त्याच जागी नुसत्या स्पर्शानं उमटणारा हार्मोनिक जुळले, की वाद्य सुरात आहे असं मानावं.

तार या उंचीहून फार खाली आली तर फ्रेटला घासून झणझणते. कारागीर त्याला दोष म्हणतात आणि काढून टाकतात. मिरजेत मात्र हीच झणझण जन्माला घालण्यासाठी तंबोऱ्याची घोडी तासन्‌तास घासतात, तारेखाली सुताचा धागा सरकवतात, आणि ती जमली की जवारी लागली म्हणतात. गिटारच्या तारेला मी झणझणू देत नाही. पण प्रत्येक वेळी ती गप्प करताना मिरज आठवते.

आता वायर लावायची. अ‍ॅम्पचं बटण दाबलं, की एकही तार न छेडता खोली भरून येते.

हूं…

चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, हे पिकअपचं रूप. समोरची पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. पण भिंतीतल्या तारांतून, पंख्यातून, ट्यूबलाइटमधून वाहणारी वीजही तो तितक्याच निष्ठेनं ऐकतो. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तनं घेते. पेटीवर शोधलं तर हा स्वर अतिखर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. अमेरिकेत ६० आवर्तनं. ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये कुठंतरी अधांतरी. आपली वीज जवळजवळ षड्ज धरून बसली आहे.

खिडकीबाहेर लोकलच्या माथ्यावरच्या तारेतही तीच ५० आवर्तनं धावतात. मद्रास बीच ते तांबरम विजेची गाडी १९३१ साली सुरू झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज बीचम तव्यासारख्या दिसणाऱ्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारचा नमुना घडवत होता. पुढं याच शहरात मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी भरीव लाकडाचं पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन जवळ केलं, कारण गमकाच्या हेलकाव्यात स्वर टिकायला हवा होता. साध्या मँडोलिनवर तो फार लवकर मावळतो. विजेनं त्यांना श्वास लांबवून दिला.

गुंजन घालवायचा उपाय आहे. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं दोन वेटोळी उलटसुलट जोडली; एकातलं गुंजन दुसऱ्यातल्याला पुसून टाकतं. आवाज जाड होतो, उबदार होतो. पण एकेरी वेटोळ्याच्या स्वराला जी काचेची कड असते, पावसानंतरच्या उन्हासारखी लख्ख, ती बोथटते.

वरच्या मजल्यावरची मुलगी ही जुनी गिटार विकत घेण्याआधी मला दाखवायला घेऊन आली होती. “आँटी, हा आवाज जाईल ना?” तिनं विचारलं. मी तिला सांगितलं: दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर खड्डे पडलेत, ते घासून घे, नट बदल, मान उत्तम आहे. पिकअपला हात लावू नकोस. घे ही गिटार.