वाडीचे शहाणपण आणि सभेची वही

आमच्या वसईत बागायतीसाठी मंडळ स्थापन करण्याची गरज पूर्वी कोणाला भासली नव्हती. सासूने सुनेला पानवेलीची निगा शिकवावी, बापाने मुलाला केळीचा मुनवा कोठून आणि केव्हा काढावा ते दाखवावे, शेजारणीने कुंपणावरून मूठभर वाल द्यावेत आणि जाताना अळूचे दोन कंद मागून न्यावेत, असा तो व्यवहार होता. त्याला अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती आणि त्याचे इतिवृत्तही कोणी लिहिले नाही. बावखलाच्या काठी धुणे धुताना जेवढे शेतीचे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले, तेवढे कोणत्याही वर्गात गेले नसेल.

म्हणूनच सहा वर्षांपूर्वी, मी सेवा करीत असलेल्या धर्मग्रामाच्या सभागृहात आम्ही तीसएक माणसे ‘बागमंडळ’ सुरू करण्यासाठी जमलो, तेव्हा मागच्या बाकावरून एका वयोवृद्ध बागाइतदाराने विचारले, “फादर, माशांना पोहायला शिकवायला बोलावलंत काय?” सारे हसले. परंतु त्या हसण्याला दुःखाचीही एक किनार होती. जमलेल्यांपैकी निम्म्या जणांकडे आता वाडी उरलेली नव्हती. कोणाची विकली गेली होती, कोणाची भावाभावांत वाटली जाऊन घराच्या पडवीएवढी झाली होती, तर कोणाच्या विहिरीने दगा दिला होता. ज्यांच्या आज्या पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जात, त्यांच्या नाती आता गच्चीवर प्लास्टिकच्या पिंपात मिरचीची चार रोपे लावतात. ज्ञान होते, पण ते हातातून हातात जाण्याची वाट मोडली होती. तिला पर्याय म्हणून आम्हांला सभा भरवावी लागली.

ही पडझड एकाएकी झालेली नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यावर इमारतींचे सावट आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने जे जनआंदोलन उभारले, ते ह्या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये फादर आपल्यातून गेले. त्यापूर्वीच, २००९ मध्ये, वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली होती. आमच्यासारख्या अनेक गावांची ओळख तेव्हापासून कागदावर तरी ‘शहर’ अशी झाली. आंदोलने सभांतून आणि रस्त्यांवरून लढली जातात, आणि ती लढलीच पाहिजेत. पण वालाचे बी कोणत्या महिन्यात टोचावे, हे मोर्चात सांगता येत नाही. त्यासाठी निवांत बसावे लागते.

आम्ही बसतो ते महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर. वर्गणी पैशांत नाही. येताना प्रत्येकाने काहीतरी जिवंत आणायचे: मूठभर बी, एखादा कंद, फांदीचा तुकडा, नाहीतर ओंजळभर गांडूळखत. सभागृहाच्या लांब मेजावर ते मांडले जाते आणि जाताना ज्याला जे हवे ते त्याने न्यावे. सभेचे विषय ऋतूप्रमाणे ठरतात. पावसाळ्याच्या तोंडाशी आंब्याचे कोय कलम: कोय रुजून आलेला कोवळा, तांबूस अंकुर अर्ध्यावर छाटायचा, त्यात चीर पाडायची आणि चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी तीत बसवून पट्टीने घट्ट बांधायची. श्रावणात गुटी कलम: फांदीवरील बोटभर रुंदीची साल गोल काढून त्या जागी ओले शेवाळ बांधायचे आणि मुळे फुटण्याची वाट पाहायची. दिवाळीनंतर भाजीचे वाफे, शिमग्याच्या सुमारास बियाणे वाळवून राखेत ठेवणे, आणि वैशाखात एकच विषय, पाणी.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस ह्यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा आंबा काढला व १९८१ मध्ये तो बागाइतदारांच्या हाती दिला. त्याचे कलम आमच्या एका सदस्याने मेजावर आणून ठेवले तेव्हा त्यावर तासभर वाद रंगला. विद्यापीठाचे मोठेपण सर्वांना मान्य होते, परंतु हापूसाला पर्याय शोधावा ही कल्पनाच काहींना रुचली नाही. बागेत माणसे नम्र होतात असे म्हणतात. आंब्याचा विषय निघाला की तसा अनुभव येत नाही.

मंडळाच्या दुसऱ्या वर्षी एका सभेला एक केरळी परिचारिका आली. गावाच्या वेशीवर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत तिचे बिऱ्हाड. गच्चीवर लावलेल्या एका वेलाला फुले येतात, बोटाएवढे फळ धरते आणि आठवड्याभरात पिवळे होऊन गळून पडते, अशी तिची तक्रार होती. वेलाचे मराठी नाव तिला आठवेना. ती ‘चुरक्का, चुरक्का’ म्हणत राहिली आणि शेवटी तिने हाताने आकार काढून दाखवला. “अगं, दुधी!” असे म्हणत आमच्या मंडळातील सर्वांत ज्येष्ठ मावशी पुढे सरसावल्या. “फुलं कधी उमलतात ते बघितलंस? भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं. दुध्याचं पांढरं फूल दिवेलागणीला. त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. चौथ्या मजल्यावर ते कुठून येणार? ते काम आता तुला करायला हवं. ज्याच्या खाली इवलासा दुधी असतो ते मादीचं फूल. नुसत्या देठावरचं ते नराचं. नराचं तोड, पाकळ्या काढ आणि त्याचा पराग मादीच्या फुलाला हलकेच लाव. संध्याकाळी लाव हो, सकाळी नव्हे.”

पुढच्या सभेला मेजावर एक हातभर लांबीचा दुधी येऊन पडला.

त्या दिवशी मला सेमिनरीतील दिवस आठवले. ग्रेगोर मेंडेल ह्या ऑगस्टिनियन संन्याशाचे चरित्र मी तेथे प्रथम वाचले. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या बर्नो शहरातील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे मेंडेलने वाटाण्याची हजारो रोपे वाढवली. मावशींनी त्या परिचारिकेला सांगितले, जवळजवळ तेच काम तोही करीत असे. उमलण्यापूर्वीच फूल उघडून त्यातील पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या रोपाचा पराग त्यावर लावायचा. त्यातून निघालेले आनुवंशिकतेचे नियम त्याने ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी त्याच गावातील निसर्ग-अभ्यासकांच्या मंडळासमोर वाचून दाखवले. जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. १८८४ मध्ये मेंडेल वारला आणि १९०० मध्ये युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांना त्याच्या कार्याचे मोल उमगले. मधल्या काळात ते जिवंत राहिले, ह्याचे एक कारण अगदी साधे आहे. त्या स्थानिक मंडळाने ते १८६६ च्या आपल्या वार्षिकात छापून ठेवले होते. हा दाखला मी सभेत सांगितला आणि त्याच दिवशी आमच्या मंडळाने एक जाड वही विकत घेतली. मावशींचा दुधी हा त्या वहीतील पहिला धडा.

मात्र तिसऱ्या वर्षी ह्याच परिचारिकेवरून मंडळ फुटण्याची वेळ आली. सदस्यत्व मूळ गावकऱ्यांना, असे आरंभी ठरले होते. ती पाहुणी म्हणून येत असे. तिने रीतसर सदस्यत्व मागितले आणि तिच्यामागून त्या इमारतीतील आणखी पाच कुटुंबांनीही मागितले. त्यांत उत्तर प्रदेशातील एक होते, विदर्भातील दोन. सभेत एकदम तणाव निर्माण झाला. एक सदस्य उभे राहून म्हणाले, “ह्या इमारतींना टँकरने पाणी गेलं ते आमच्याच भूगर्भातलं. आमच्या विहिरी खाऱ्या झाल्या. आता कलमंही त्यांनाच द्यायची?”

हा आरोप खोटा नव्हता. आमच्या मंडळातील निवृत्त विज्ञान-शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढून तो समजावून दिला. किनाऱ्यालगतच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट उंची असेल, तर ते खाली सुमारे चाळीस फूट खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. वरचे एक फूट उपसले की तो तोल ढळतो आणि खालून खारे पाणी हळूहळू वर चढू लागते. मग विहिरीला पाणी दिसते, पण त्यात डाळ शिजत नाही आणि पानवेल करपते. गुरुजींनी खडू खाली ठेवला तेव्हा सभागृहात कोणी बोलत नव्हते. ती परिचारिका मान खाली घालून बसली होती. इमारत तिने बांधली नव्हती. मिळेल त्या घरात ती राहायला आली होती, एवढेच.

अध्यक्ष ह्या नात्याने मी प्रत्येकाला बोलू दिले. वसईत पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ असा होता. आपण ज्यांना आपली म्हणतो त्या मिरची, पपई, पेरू, अननस ह्या वनस्पती अमेरिका खंडातल्या असून पोर्तुगीजांच्या गलबतांतून ह्या देशात आल्या, हे मी सांगितले. त्यावर एका तरुणाने तत्काळ उत्तर दिले, “फादर, पेरूने आमची विहीर उपसली नाही.” त्याचे म्हणणे बिनतोड होते. इतिहासाचा दाखला देऊन आजचा घाव भरत नाही.

शेवटी मावशी उठल्या. खारी झालेली पहिली विहीर त्यांचीच. त्या म्हणाल्या, “फूल कसं लावायचं ते मी हिला सांगितलं. आता ते हिने विसरावं, असा ठराव करायचा आहे काय?” थोडे थांबून त्या इमारतीच्या लोकांकडे वळल्या. “पण तुम्हीही रिकाम्या हातांनी यायचं नाही. सभेला येताना काहीतरी आणायचं असतं. तुम्ही पाणी आणा.”

क्षणभर कोणालाच अर्थ कळला नाही. गुरुजींना मात्र कळला. त्यांनी पुन्हा खडू उचलला. इमारतीची गच्ची सुमारे ३०० चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सुमारे २००० मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर. गुणाकार ६०० घनमीटर, अर्थात सहा लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साठ टँकर पाणी दर पावसाळ्यात एका गच्चीवरून गटारात जाते. त्यातले निम्मे जरी गाळून मावशींच्या विहिरीत सोडता आले, तरी पुष्कळ.

मतदान झाले नाही. सहा कुटुंबांची नावे वहीत लिहिली गेली आणि त्यांच्यापुढे बियाण्यांच्या रकान्यात ‘गच्चीचे पाणी’ असे नोंदवले गेले. इमारतीच्या रहिवाशांची समजूत घालायला त्या सहा जणांना पाच महिने लागले. नळ, वाळू-खडीची गाळणी आणि खोदाई ह्यांचा खर्च निम्मा त्यांनी व निम्मा गावाने केला. दोघा जुन्या सदस्यांना हे पटले नाही. ते सभेला येईनासे झाले आणि आजही येत नाहीत. त्यांच्या घरी मी जातो, ते चहा देतात, पण बागेचा विषय निघत नाही. तीन पावसाळे त्या विहिरीत पाणी उतरले आहे. चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. मे महिन्यात मावशी अजूनही पाण्याची चव घेऊन मान हलवतात. पण फाल्गुनातच करपणारे त्यांचे अळू आता वैशाखापर्यंत तग धरते, एवढे वहीत नोंदलेले आहे.

वाचकहो, आपल्या गावीही अशी म्हातारी माणसे असतील. त्यांच्याजवळ बसायला मूळ गावकऱ्यांची मुले येतीलच असे नाही. कधी कधी चौथ्या मजल्यावरचा परका मुलगा येईल. माशांना पोहायला शिकवता काय, असे विचारणारे आमचे ते वयोवृद्ध बागाइतदार राजेळी केळ्यांची सुकेळी करण्यात निष्णात होते. गेल्या वर्षी ते देवाघरी गेले. त्यापूर्वीच्या हंगामात त्या परिचारिकेचा नववीतला मुलगा चार दिवस त्यांच्या अंगणात वही घेऊन बसला होता. मराठी हा त्याचा शाळेतला केवळ एक विषय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ आहेत. घड कधी उतरवला, केळी किती पिकली, सोलून उन्हात कशी मांडली, संध्याकाळी आत कधी घेतली, हे सारे त्याने तारीखवार लिहिले आहे. केळे पुरते वाळले हे कसे ओळखावे, ह्या प्रश्नापाशी मात्र त्याचे लेखन थांबते. तेथे त्याने लिहिले आहे: “हे आजोबांनी माझा हात धरून दाखवले. ते लिहिता येत नाही.”

मावशींच्या परसात राजेळीचे दोन घड यंदा धरले आहेत. ते उतरवले की सुकेळी करायला त्या मुलाला बोलवायचे, असे गेल्या सभेत ठरले आहे.